शेळीला खाज सुटली तर : आधी ओळख, मग औषध



थंडी पडू लागली की आमच्या कार्यक्रमाकडे येणाऱ्या पत्रांत आणि फोनवर एक तक्रार हमखास असते. "साहेब, शेळी दिवसभर खांबाला अंग घासते. केस गेले, कातडं जाड झालं. एक इंजेक्शन दिलं, आठ-दहा दिवस बरं वाटलं, आणि पुन्हा होतं तसंच. आता काय करावं?" कोणी तोपर्यंत जळके ऑइल लावून पाहिलेले असते, कोणी कपाशीवर फवारायचे औषध फडक्याने पुसलेले असते. शेवटी कंटाळून शेळी बाजारात नेली, तर व्यापारी कातडीकडे बोट दाखवतो आणि किंमत पाडतो.

शेळीला आपण गरिबाची गाय म्हणतो. मुलांची फी असो, दवाखाना असो की पेरणीच्या वेळची नड, घरात पैसा उभा करायला शेळीच कामी येते. खाजेने शेळी लगेच मरत नाही, म्हणून आपण ते दुखणे अंगावर काढतो. पण खाजणारी शेळी स्वस्थ चरत नाही, स्वस्थ बसून रवंथ करत नाही. दूध आटते, करडांची वाढ खुंटते, आणि खरूज फार वाढली तर अशक्त करडू दगावतेसुद्धा. म्हणून या पत्रकात तीन गोष्टी समजावून घेऊ: खाज कशाची आहे हे कसे ओळखावे, औषध किती आणि किती वेळा द्यावे, आणि कोणत्या गोष्टी चुकूनही करू नयेत.

खाज ही रोगाची खूण आहे

माणसाला ताप आला म्हणजे तो हिवतापाचा, टायफॉइडचा किंवा साध्या पडशाचाही असू शकतो. खाजेचेही तसेच आहे. उवा, पिसवा, गोचीड, खरजेचे किडे, बुरशी, अशी तिची अनेक कारणे आहेत. प्रत्येकाचा उपाय वेगळा. एकाचे औषध दुसऱ्याला दिले, तर पैसा जातो आणि रोग तिथेच राहतो. तेव्हा दुकानात जाण्याआधी पाच मिनिटे शेळीजवळ बसा.

सकाळच्या उन्हात शेळी उभी करा. मानेवरचे, पाठीवरचे आणि मांडीच्या आतले केस बोटांनी विंचरून मुळाशी बघा. कानाच्या आत बघा, डोळ्यांच्या कडा बघा, खुरांच्या वर बघा. खाज कुठून सुरू झाली, किती शेळ्यांना आहे, नवीन जनावर कधी आणले, हे लक्षात घ्या. एवढ्यावरून निम्मे निदान होते.

उवा

केसांच्या मुळाशी तांबूस किंवा करडे बारीक किडे हळूहळू चालताना दिसले आणि केसांना पांढऱ्या लिखा चिकटलेल्या असल्या, तर त्या उवा. थंडीत केस दाट होतात, शेळ्या एकमेकींना चिकटून बसतात, तेव्हा उवा वाढतात. यात दोन प्रकार आहेत. एक रक्त पिणाऱ्या, दुसऱ्या कातडीचा कोंडा कुरतडणाऱ्या. रक्त पिणाऱ्या उवांनी करडे पांढरी पडतात. शेळीच्या उवा शेळीवरच जगतात, त्या माणसाच्या डोक्यात येत नाहीत.

पिसवा आणि गोचीड

गोचीड कान, शेपटीखालची जागा आणि कास येथे चिकटलेले सहज दिसतात. पिसवा मात्र उड्या मारून पसार होतात. त्यांची ओळख अशी: करडाचे केस ओल्या पांढऱ्या फडक्यावर विंचरा. काळे बारीक कण पडून त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा समजा. तो डाग पचलेल्या रक्ताचा असतो. पिसवा फार झाल्या की करडांच्या अंगातले रक्त कमी होते. खालची पापणी ओढून बघा. आतला रंग गुलाबी हवा. तो पांढुरका असेल, तर करडू तातडीने दवाखान्यात न्या.

खरूज

सर्वांत चिवट दुखणे हेच. खरजेचा किडा इतका बारीक असतो, की तो सूक्ष्मदर्शकाखालीच नीट दिसतो. त्याची मादी कातडीच्या आत बोगदा करून अंडी घालते. सुरुवात तोंडाभोवती, डोळ्यांच्या कडांना आणि कानावर होते. आधी केस जातात, मग कोंडा, मग खपल्या, आणि शेवटी कातडी जाड होऊन तिला सुरकुत्या पडतात. खाज अशी, की शेळी चारा सोडून अंग घासते.

खरजेचा दुसरा प्रकार कानात होतो. शेळी डोके झटकत राहते, कानात पापुद्र्यांचे थर साचतात. तिसरा प्रकार पायांवर, गुडघ्याखाली आणि खुरांच्या वर दिसतो. चौथ्या प्रकारात खाज फारशी नसते, पण कातडीखाली हरभऱ्या-वाटाण्याएवढ्या गाठी येतात आणि दाबल्यास आतून घट्ट पांढरा पदार्थ निघतो.

खरूज आहे की नाही याची खात्री करायची असेल, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कातडीची खरवड तपासून घ्यावी. डॉक्टर डागाच्या कडेची कातडी हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतात. किडा दिसला की अंदाजपंचे औषधोपचार करावा लागत नाही.

गजकर्ण

गोल डाग, त्यावर राखाडी खपली, केस तुटलेले, खाज कमी. हे बहुधा करडांत आणि कोंदट गोठ्यात दिसते. हा बुरशीचा रोग आहे. खरजेचे इंजेक्शन यावर चालत नाही. हा माणसालाही लागतो, म्हणून असे करडू मुलांना कुशीत घेऊ देऊ नका.

दिसायला खरूज, पण खरूज नव्हे

काही दुखण्यांत कातडी खराब होते, पण कारण निराळेच असते. ही ओळखली नाहीत तर मोठी फसगत होते.

मावा: ओठांवर आणि तोंडाच्या कोपऱ्यांवर जाड खपल्या येतात. करडांना दूध पिता येत नाही. हा विषाणूचा रोग आहे. त्याच्या खपल्या उघड्या हाताने काढू नका, तो हाताला लागतो.

देवी: ताप येतो, आणि कास, मांडीची आतली बाजू, शेपटीखाली पुटकुळ्या किंवा गाठी येतात. जनावर ताबडतोब वेगळे करून डॉक्टरांना कळवा. या रोगावर प्रतिबंधक लस आहे.

घाणेरी खाणे: चारा संपला की शेळ्या-मेंढ्या बांधावरची घाणेरी खातात. तिच्या विषाने यकृत बिघडते आणि कातडीला ऊन सोसत नाही. कान, नाक आणि अंगावरचे पांढरे भाग लाल होऊन सोलतात, डोळे पिवळे पडतात. अशी शेळी सावलीत बांधा, घाणेरी बंद करा आणि डॉक्टरांना बोलवा.

जस्ताची कमतरता: अंगावर खपल्या, केस विरळ, खूर खराब, पण किडा सापडत नाही. नुसत्या लसूणघासावर ठेवलेल्या जनावरात चुना जास्त होतो आणि जस्त अंगी लागत नाही. मिश्र चारा आणि शेळ्यांसाठीचे खनिज मिश्रण द्यावे.

एकदाच औषध का पुरत नाही?

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. "इंजेक्शन दिलं, आठ दिवस बरं वाटलं, पुन्हा झालं." असे का होते? औषध वाईट होते म्हणून नव्हे.

खरजेवर आज आयव्हरमेक्टिन हे औषध सर्रास वापरतात. जपानमधल्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्म जीवापासून ते तयार झाले. १९८१ पासून ते जनावरांसाठी बाजारात आले आणि ते शोधणारे विल्यम कॅम्पबेल व सातोशी ओमुरा यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. औषध गुणाचे आहे. पण ते जिवंत किडा मारते, अंडे मारत नाही. औषधानंतर काही दिवसांत अंडी फुटतात आणि नवे किडे वाढून पुन्हा अंडी घालू लागतात. तण काढल्यावर जमिनीतले बी राहिले तर पुन्हा उगवतेच ना? तसेच हे.

म्हणून दुसरी मात्रा १० ते १४ दिवसांनी द्यायलाच हवी, शेळी बरी दिसत असली तरी. तारीख विसरते म्हणून एक सोपी खूण ठेवा. या आठवडी बाजाराच्या दिवशी पहिली मात्रा दिली, तर मधला एक बाजार सोडून पुढच्या बाजाराच्या दिवशी दुसरी. जुनाट खरजेला डॉक्टर तिसरी मात्राही सांगतात.

दुसरी गोष्ट, एकाच शेळीवर इलाज करू नका. कळपातल्या चार शेळ्या खाजत असल्या, तरी बाकीच्यांच्या अंगावर किडा पोचलेला असतो, फक्त अजून दिसत नाही. सर्व शेळ्या, करडे आणि बोकड यांना एकाच दिवशी औषध द्यावे. गावचा एकच बोकड दहा घरी फिरतो आणि खरूजही दहा घरी पोचवतो, हे ध्यानात ठेवा. आळीतल्या सर्वांनी मिळून एक दिवस ठरवला, तर खर्चही वाचतो आणि गुणही टिकतो.

मात्रा वजनावर ठरते

आयव्हरमेक्टिनचे एक टक्क्याचे इंजेक्शन ५० किलो वजनाला १ मिलि या हिशेबाने कातडीखाली देतात. म्हणजे ३० किलोच्या शेळीला ०.६ मिलि, १० किलोच्या करडाला ०.२ मिलि. मात्रा कमी पडली तर किडे मरत नाहीत, जास्त झाली तर अपाय होतो. इंजेक्शन पशुवैद्यकांकडूनच घ्यावे, पण वजन तुम्ही आधी काढून ठेवलेत तर काम नेमके होते.

तराजू नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात मोजा. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात मोजा. घेराला घेराने गुणा, आलेल्या आकड्याला लांबीने गुणा, आणि ६६० ने भागा. येईल ते वजन किलोत. समजा घेर २८ इंच आणि लांबी २५ इंच. २८ गुणिले २८ म्हणजे ७८४. त्याला २५ ने गुणले की १९,६००. त्याला ६६० ने भागले की जवळजवळ ३० किलो. मध्यम उस्मानाबादी शेळी साधारण एवढी भरते. शाळेत जाणारी मुले हा हिशेब चटकन करतील, त्यांच्याकडून करवून घ्या.

दूध घरात वापरत असाल, तर डॉक्टरांना आधी सांगा. औषधाचा अंश दुधात आणि मांसात उतरतो. किती दिवस दूध वापरू नये आणि किती दिवस जनावर कापायला विकू नये, हे औषधाच्या लेबलवर असते आणि डॉक्टर सांगतात. बकरी ईदसाठी बोकड तयार करत असाल, तर औषधोपचार त्याच्या पुष्कळ आधी उरकून घ्या.

उवा, पिसवा आणि गोचीड यांवर वरून लावायचे किंवा फवारायचे औषध मिळते. कोंडा कुरतडणाऱ्या उवांवर इंजेक्शनपेक्षा असे वरून लावायचे औषधच जास्त चालते. ते जनावरांसाठीचे आहे ना, हे डबीवर वाचून घ्या आणि त्यात सांगितले असेल तेवढेच पाणी घाला. शेळ्यांना आधी पोटभर पाणी पाजा, म्हणजे त्या अंग चाटणार नाहीत. उन्हाच्या दिवशी सकाळी फवारा, डोळे-तोंड सांभाळा, आणि अंग वाळेपर्यंत करडे आईपाशी सोडू नका. हातमोजे घाला, काम झाल्यावर साबणाने हात धुवा.

एखादाच लहान डाग असेल आणि दवाखाना लांब असेल, तर एक भाग गंधक दहा भाग करंज तेलात खलून लावण्याचा जुना उपाय चालतो. आधी खपल्या कोमट साबणाच्या पाण्याने मऊ करून काढाव्यात आणि जाळाव्यात. पण हा उपाय पहिल्या मदतीचा. कळपभर पसरलेली खरूज याने जाणार नाही.

गोठ्यालाही औषध हवे

शेळी बरी केली आणि त्याच गोठ्यात बांधली, तर खर्च वाया गेला समजा. थंड, ओलसर जागी खरजेचा किडा शेळीच्या अंगाबाहेरही काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे तग धरतो. ज्या दिवशी औषध द्याल, त्याच दिवशी पुढील कामे करा.

१. जुना पेंढा, लेंड्या आणि झाडलेला कचरा बाहेर काढा. पेंढा आणि खपल्या जाळा, लेंडीखत लांबच्या खड्ड्यात टाका.

२. ज्या खांबाला आणि भिंतीला शेळ्या अंग घासतात, त्या घासून धुवा आणि चुन्याचा हात द्या.

३. दावी, घंटा, पट्टे उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा.

४. जमल्यास दोन आठवडे शेळ्या दुसऱ्या जागी बांधा. जमत नसेल तर दुसऱ्या मात्रेच्या दिवशी ही सफाई पुन्हा करा.

५. बाजारातून आणलेली शेळी थेट कळपात सोडू नका. तीन-चार आठवडे वेगळी बांधा आणि खाज दिसते का ते बघा.

खरजेवर लस नाही. हे वेगळे बांधणे हीच आपली लस समजा.

हे चुकूनही करू नका

पिकावर फवारायचे कीटकनाशक शेळीच्या अंगाला कधीही लावू नका. खाजून सोललेल्या कातडीतून विष भराभर आत जाते, आणि उरलेले शेळी चाटते. तोंडाला फेस, अंगाला थरथर, धाप, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, ही विषबाधेची लक्षणे. असे झाल्यास ताबडतोब भरपूर साबणपाण्याने अंग धुवा आणि औषधाची बाटली घेऊन डॉक्टरांकडे धाव घ्या. बाटली पाहिली की उतारा ठरवणे सोपे जाते.

बी.एच.सी. पावडर पूर्वी घरोघरी असे. तिच्यावर आपल्या देशात १९९७ साली बंदी आली. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. माळ्यावर जुना डबा सापडला, तर तो वापरू नका आणि विहिरीजवळ किंवा ओढ्यात फेकूही नका. कृषी सहायकांना दाखवा.

जळके ऑइलही लावू नका. त्यात शिशासारखे विषारी धातू असतात, आणि अंगभर लावलेल्या तेलाने कातडीला हवा लागत नाही. काही किडे मरतात हे खरे, पण शेळीला अपाय होतो.

घरातल्या माणसांचे काय?

बऱ्याच घरांत थंडीत करडे घरातच निजतात. खरजेच्या शेळीला हाताळणाऱ्या ताई-मावशींच्या हातांवर आणि पोटावर बारीक पुरळ येऊन खाज सुटते. शेळीचा हा किडा माणसाच्या अंगावर फार काळ टिकत नाही. शेळ्या बऱ्या झाल्या की ही खाज बहुधा थांबते. थांबली नाही, रात्री वाढली किंवा घरातल्या सर्वांनाच झाली, तर ती माणसाची स्वतःची खरूज असू शकते. आरोग्य केंद्रात दाखवा. शेळीचे औषध माणसाने घेऊ नये.

आणखी एक. इंजेक्शनची अर्धी बाटली उरते, आणि मुलांनी पाळलेला ससा किंवा शहरातून आणलेले गिनिपिग खाजत असते. खरूज त्यांनाही होते. पण अशा एक किलोच्या जिवाला शेळीच्या हिशेबाने जेमतेम ०.०२ मिलि औषध होते, म्हणजे एका थेंबापेक्षाही कमी. मोठ्या सिरिंजने ते मोजताच येत नाही आणि जीव जातो. गिनिपिगला तर पेनिसिलिनसारखी औषधेही घातक ठरतात. त्याला रोज हिरवा पाला आणि क जीवनसत्त्व लागते. ते न मिळाल्यानेही त्याची कातडी आणि केस बिघडतात. म्हणून लहान जनावर असेल तर ते टोपलीत घालून डॉक्टरांकडेच न्यावे.

थोडक्यात

आधी शेळी उन्हात धरून बघा. खाज कशाची ते ठरवा, शंका असल्यास खरवड तपासून घ्या. औषध सगळ्या कळपाला, वजनाप्रमाणे, आणि दोनदा द्या. त्याच दिवशी गोठा साफ करा. पिकाचे औषध आणि जळके ऑइल शेळीपासून लांब ठेवा.

पशुवैद्यकीय दवाखाना दूर असेल, तर फिरत्या पथकासाठी १९६२ या क्रमांकावर विनाशुल्क फोन करता येतो. फोन करताना शेळ्या किती, खाज कधीपासून आणि अंगाच्या कोणत्या भागावर, हे सांगा, म्हणजे डॉक्टर तयारीने येतील.

हे पत्रक गोठ्याच्या भिंतीला किंवा घरातल्या दिनदर्शिकेला टाचून ठेवा, आणि दुसऱ्या मात्रेच्या तारखेभोवती आजच गोल करा.